सोनखळीची चुन्याची कुंडी

सोनखळीच्या तारकस आळीत शिरलं की डाव्या हाताला चुन्याची दगडी कुंडी लागते. पोलादी तार ओढण्याआधी तिचं वेटोळं या कुंडीत बुडवायचं, वाळवायचं, मग वरून तेलाचा हात. थोरले पाहुण्यांना सांगतात की देवीने स्वप्नात येऊन चुना दाखवला. देवीने काही दाखवलं नाही. दाखवलं ते सरजाने, आणि या थोरल्यांच्या खापरपणजोबांनी तिला शिव्या घातल्या.

तेव्हा म्हणे तार नुसत्या तेलावर ओढत. कमरेला पट्टा बांधायचा, पट्ट्याला चिमटा. पोलादी पट्टीच्या भोकातून आलेलं तारेचं टोक चिमट्यात धरायचं आणि सगळ्या अंगाने मागे रेटायचं, की तार बारीक होऊन निघे. भोकाच्या तोंडाशीच तेल निपटून जाई. तार किंचाळे, तुटे आणि उलटून तोंडावर येई. आळीचा मुख्य पंच म्हादबा, त्याचा निवाडा ठरलेला : "तार तुटते ती ओढणाऱ्याच्या पापानं." सरजाच्या नवऱ्याचा, हैबतीचा, डावा डोळा असाच गेला. वर त्यालाच प्रायश्चित्त! जखम सुकते न सुकते तोच पुन्हा पट्टा बांधायचं फर्मान.

सरजा भट्टीच्या भिंतीला चुना देत होती, तेव्हा खुंटीवरच्या वेटोळ्यावर शिंतोडे उडून वाळले. तीच तार हैबती ओढायला बसला. सरजाचा जीव मुठीत. पण तिच्या कानांनी हेरलं : पांढऱ्या ठिपक्यांचा भाग मुकाट सरकतो, कोरा भाग आला की किंकाळी.

"अहो, थांबा!" म्हणत तिने वेटोळं पुरतं चुन्यात बुडवलं, वाळवलं, तेल चोळलं. चुन्याने तेल धरून ठेवलं. अख्खी तार लोण्यातून यावी तशी आली.

म्हादबा काठी आपटत आला. "भवाने, वाडवडिलांची तार बाटवलीस! उद्यापासून हैबती कोरीच ओढेल."

"एक डोळा उरलाय, तो खुपतोय होय?" सरजाने पट्टा त्याच्या पायाशी टाकला. "आबा, तुमच्या अंगी तर पाप नाही. ओढा की तुम्हीच!"

सगळी आळी बघत होती, माघार कशी घेणार? म्हादबाने पट्टा बांधला, कोरी तार चिमट्यात धरून रेटा दिला. तार तुटली आणि त्याचा गाल कानापर्यंत चिरून गेली.

"आता सांगा आबा," सरजा म्हणाली, "कुठलं पाप केलंत?"

त्याच आठवड्यात कुंडी बसली, असं सांगतात.

आजही आळीत तार तुटली आणि एखादा थोरला ओढणाऱ्यावर खेकसू लागला, की बाया वाद घालत नाहीत. पट्टा आणून त्याच्यापुढे ठेवतात. नेमके तेव्हाच त्याचे गुडघे दुखू लागतात.