घड उतरल्यावर

एकदा एका वृद्ध वैद्यांच्या परसातल्या केळीचा घड उतरला, आणि त्याच दिवशी त्यांचा शिष्य घर सोडायला निघाला.

शिष्य विद्येत तयार झाला होता; खुद्द गुरुजींनीच चारचौघांत तसं सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि आसन सोडणं वेगळं. शिष्याने नाडी पाहिली की गुरुजी पुन्हा पाहत, त्याने औषध सांगितलं की मात्रा बदलत. त्या सकाळी एका म्हातारीने तर त्याला सरळ बाजूला सारलं आणि नाडी दाखवायला गुरुजींपुढे हात धरला. शिष्याला ते फार लागलं. दुसऱ्या गावी स्वतःचं औषधालय थाटायचं आणि या घराचं तोंड पुन्हा पाहायचं नाही, असं ठरवून त्याने गाठोडं बांधलं.

निघण्यापूर्वी शेवटचं काम म्हणून तो कोयता घेऊन परसात गेला. केळ एकदाच विते, घड उतरला की ती तोडायची, एवढं त्याला ठाऊक होतं. न्हाणीच्या पाण्यावर पोसलेली ती केळ तो बुडातून तोडणार, तोच गुरुजींनी कोयता मागून घेतला. बुंध्याशी पिल्लं उगवली होती. त्यांतलं एक जोमदार पिल्लू ठेवून बाकीची त्यांनी काढून टाकली. मग केळीची पानं एकेक करून उतरवली आणि बोडका बुंधा तसाच उभा ठेवला. आता या खुंटाचा काय उपयोग, असं शिष्याने जरा घुश्श्यातच विचारलं.

गुरुजींनी बुंध्यावर हलकी खाच पाडली. तिच्यातून पाणी झिरपू लागलं.

"घड गेला तरी अंगातला रस गेलेला नाही," ते म्हणाले. "तो आता सावकाश खाली उतरेल आणि या पिल्लाला मिळेल. आजच बुंधा तोडलास तर त्याचं पोषण तुटेल. पानं मात्र ठेवायची नाहीत. ती राहिली तर पिल्लाला ऊन मिळत नाही, ते सावलीतच खुरटतं."

एवढं बोलून ते थांबले. खाली पडलेल्या पानांकडे पाहत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "माझी उतरवायची राहूनच गेली रे."

शिष्याने घरात जाऊन बांधलेलं गाठोडं सोडलं. त्याचा सकाळचा राग कुठल्या कुठे गेला होता आणि डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी ओटीवर गुरुजींचं आसन नव्हतं. ते आतल्या पडवीत खलात औषध घोटत बसले होते. म्हातारी पुन्हा आली आणि तिने वैद्यबुवा कुठे आहेत म्हणून विचारलं.

"आत आहेत," शिष्य म्हणाला. "नाडी मी पाहतो आजी. अडलं तर त्यांना विचारीन."

म्हातारीने क्षणभर आत डोकावून पाहिलं आणि मग त्याच्यापुढे हात धरला. पडवीतला खलाचा आवाज थोडा थांबला होता, तो पुन्हा सुरू झाला.