मागच्या रांगेतलं फुलपात्र

एकदा एका मुलीला एक नियम सांगण्यात आला. गाडीत कुणी कुठे बसायचं हे मोठी माणसं ठरवतात. आपण विचारायचं नाही, दाखवतील तिथं बसायचं. तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि तिला फक्त खिडकी हवी होती. पुढे ती शिकली, नोकरीला लागली, कॉलेजात वर्गाच्या वर्ग शांत बसवू लागली. नियम मात्र जागचा हलला नाही.

तिचं नाव गिरिजा. तिच्या घरात गाडीतला क्रम देव्हाऱ्यातल्या देवांसारखा ठरलेला होता. पुढे चालकाशेजारी थोरले काका. मधल्या रांगेत वडील, म्हणजे अप्पा, आणि बरोबर जो कुणी मानाचा पुरुष असेल तो. सगळ्यात मागे, स्टेपनी, जाजम आणि पाण्याच्या कॅनच्या संगतीत, बायका. हा क्रम कुणी लिहून ठेवला नव्हता. लिहिलेलं खोडता येतं, म्हणून असे नियम कुणी लिहीत नाही.

गेल्या वैशाखात हे सगळे एका लग्नाला निघाले होते. जुनी गाडी गतिरोधकावरून उडाली. मागच्या बाकावर गिरिजाची आई, महानंदा, छताला आपटून खाली आली ती नेमकी बाकाच्या लोखंडी पट्टीवर. धप्पकन आवाज झाला. पुढून काकांनी मान न वळवता विचारलं, "काय पडलं रे मागं?"

"काही नाही, सामान हललं असेल," अप्पा म्हणाले.

आईने पदर तोंडात धरला. गाडी थांबवायला सांगणं तिच्या जिभेला ठाऊकच नव्हतं. लग्नघर यायला आणखी अडीच तास लागले. त्यानंतर तिने चार महिने कमरेला पट्टा बांधला, आणि आजही ती खुर्चीवरून उठताना आधी टेबल शोधते. त्या प्रवासात गिरिजा नव्हती. आईने तिला हे सांगितलं तेही हसत हसत, कुणा तिऱ्हाइताची फजिती सांगावी तसं. 'सामान हललं असेल' हे शब्द मात्र गिरिजाच्या डोक्यात रुतून बसले.

वर्षभराने नवी गाडी घ्यायचं ठरलं. सात जणांची, मोठी. बाईच्या नावावर कर्ज काढलं की व्याजात थोडी सूट मिळते, असं काकांना कुठूनसं कळलं होतं. म्हणून कर्ज गिरिजाच्या पगारावर आणि गाडी गिरिजाच्या नावावर घ्यायचं ठरलं. निवड अर्थातच मोठ्यांची. "तुला त्यातलं काय कळतंय? तू फक्त सही कर," काका म्हणाले, आणि वर, "लक्ष्मीच्या नावानं येऊ दे गाडी," असंही म्हणाले. लक्ष्मीला बसायला कुठली रांग, ते त्यांनी सांगितलं नाही.

गावातली अर्धी माणसं मोठी खरेदी गुरुजींना विचारल्याशिवाय करत नसत. गुरुजी म्हणजे शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, शुभ्र धोतर, खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीत तांब्या आणि पितळी फुलपात्र. विहिरीची जागा असो, जावई असो की पंप असो, गुरुजींनी मान हलवली की व्यवहार पक्का. गिरिजाला विज्ञान त्यांनीच शिकवलं होतं आणि तिचा त्यांच्यावर फार जीव होता. त्या दिवशी ती इतकी पेटली, याचं निम्मं कारण तेच.

गुरुजींना बरोबर घेऊन सगळे शोरूममध्ये गेले. तिथे दोन गाड्या पसंतीला उतरल्या. एक काळी, चकचकीत, छताला काच, चाकांना नक्षी. दुसरी पांढरी, साधी, जरा लांबट. किंमत जवळपास सारखी. काळीवर सात वर्षांची वॉरंटी, पांढरीवर तीन वर्षांची. काळीवर सीट कव्हर, पायपुसणी आणि मोठा स्क्रीन फुकट. पांढरीवर फुकट फक्त हार आणि पेढे. दोन तास खल झाला. वॉरंटीत बॅटरी येते का? टायर का येत नाहीत? नक्षीची चाकं नको असतील तर तेवढे पैसे कमी कराल का? छताची काच गळली तर जबाबदार कोण? काकांनी दारं आपटून पाहिली, बॉनेट उघडून आत असं पाहिलं, जणू आयुष्यभर इंजिनंच उतरवत आले होते.

"मागची रांग?" गिरिजाने एकदा विचारलं.

"आहे की मागची रांग. पळून जाते काय?" काका म्हणाले, आणि अप्पांसकट सगळे हसले.

आई कोपऱ्यातल्या सोफ्यावर अंग चोरून बसली होती. ती हळूच म्हणाली, "जाऊ दे गं."

निर्णय होईना, तेव्हा सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी उठले. त्यांनी कागद बाजूला सारले, पिशवीतलं फुलपात्र काढलं, काठोकाठ पाण्याने भरलं आणि तळहातावर ठेवून काळ्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसले. विक्रेता गोंधळला. काका आणि अप्पा मधल्या रांगेत चढले. "बायांनो, तुम्ही बसा इथंच एसीत," असं काकांनी काचेतून सांगितलं. गाडी रेल्वे फाटकाकडच्या खड्ड्यांच्या रस्त्याला गेली आणि पंधरा मिनिटांनी परत आली. गुरुजी उतरले. फुलपात्र काठोकाठ भरलेलं होतं. मग त्यांनी तसंच पांढरीतूनही फिरून पाहिलं. त्या खेपेला त्यांच्या धोतरावर चार थेंब सांडले.

"काळी घ्या," गुरुजी म्हणाले.

विक्रेत्याने डोकं खाजवलं. "पण गुरुजी, पाण्यावरून कसं काय...?"

गुरुजी मंद हसले. अशा प्रश्नाची ते वाटच पाहत असत. "बाळा, पाण्याला किंमत ठाऊक नसते. त्याला वॉरंटी वाचता येत नाही, तुझं गोड बोलणं ऐकू येत नाही. चकाकी पाहून ते भुलत नाही आणि फुकटच्या वस्तूंनी त्याचं मन फिरत नाही. ते खरं तेवढंच सांगतं. ज्या गाडीत पाणी स्थिर, त्या गाडीत माणूस स्थिर. माणसाने खरेदी करताना पाण्यासारखं निर्लेप असावं."

"वा!" काका म्हणाले. अप्पांनी हात जोडले. पाहायला जमलेल्या दोन गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. अशा कथा एरवी इथेच संपतात. शिष्याचे डोळे पाणावतात, तो गुरूंच्या पाया पडतो आणि ऐकणारे चहाला निघतात.

काकांनी कागद पुढे सरकवले. "गिरजे, कर सही. खालीच फुली मारून दिलीय बघ."

गिरिजाने पेन घेतलं नाही. तिने गुरुजींपुढचं फुलपात्र उचललं आणि विक्रेत्याला म्हणाली, "चला. पुन्हा. त्याच रस्त्यानं, त्याच वेगानं."

"झाली की परीक्षा! आता आणि काय?" काका म्हणाले.

"पुढच्या सीटची झाली."

ती काळीच्या मागच्या रांगेत शिरली. शिरली म्हणजे मधली सीट आडवी करून, गुडघे पोटाशी घेऊन, डोकं वाकवून घुसली. आई या वाटेने कशी जायची, असा विचार तिच्या मनात आला. गाडी निघाली. पहिल्या खड्ड्यात अर्धं फुलपात्र सांडलं. गुरुजींनी एका तळहातावर पेललेलं भांडं तिने दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. फाटकाजवळच्या गतिरोधकावर तिचंच डोकं छताला लागलं आणि उरलेलं पाणी तोंडावर आलं.

"मॅडम, लागलं का?" विक्रेत्याने गाडी थांबवली. मग चाचरत म्हणाला, "खरं सांगू? काळीत मागची रांग बरोबर चाकावर येते. पांढरीत ती चाकाच्या पुढे आहे. पुढं थोडा धक्का बसतो, पण मागं आराम असतो."

"हे दोन तासांत का नाही बोललात?"

"कुणी विचारलंच नाही. मागची रांग पाडून सामान किती बसतं, एवढंच विचारतात सगळे."

सामान. पुन्हा तोच शब्द.

ती परतली तेव्हा तिचा कुर्ता गळ्यापासून ओला होता. तिने रिकामं फुलपात्र टेबलावर कागदांच्या शेजारी ठेवलं.

"धरता आलं नाही होय तुला?" काका हसले. "पाणी भरायची सवय राहिली नाही आजकालच्या पोरींना."

"तुम्ही बसून बघा काका. मागं. पंधरा मिनिटं."

"मी? माझे गुडघे मावत नाहीत तिथं."

"तुमचे गुडघे मावत नाहीत, आणि आईचा मणका मावतो?"

काकांचं हसू गळालं. अप्पा म्हणाले, "गिरिजा, चारचौघांत..."

"अप्पा, वर्षापूर्वी मागं काहीतरी पडलं होतं. तुम्ही म्हणालात, सामान हललं. ते सामान त्या सोफ्यावर बसलंय. सात वर्षांची वॉरंटी इंजिनाला आहे. तिला किती वर्षांची आहे, विचारलंत कुणाला?"

गुरुजींनी हात वर केला. वर्ग शांत करायची त्यांची तीच जुनी पद्धत होती. "पोरी, राग विवेकाला..."

"गुरुजी, मी सातवीत होते," ती म्हणाली. "तुम्ही वर्गाचं तापमान मोजायला लावलंत. तुमच्या टेबलावर ते ठीक होतं. मग तुम्ही तापमापी आम्हा मुलींच्या बाकावर ठेवलीत, पत्र्याच्या भिंतीजवळ. पारा चढला. तुम्ही म्हणालात, 'एका जागी घेतलेलं माप म्हणजे नुसता अंदाज. जागा बदलून घ्या, मग त्याला माप म्हणा.' दुसऱ्या दिवशी आमचे बाक हलवलेत तुम्ही. मी त्या दिवसापासून तुम्हाला गुरू मानते. पाणी खरंच बोलतं गुरुजी, पण ठेवाल त्या जागेचं. आज तुम्ही ते स्वतःच्या जागेवर ठेवलंत आणि सगळ्यांच्या वतीनं निकाल दिलात."

गुरुजींचा हात हळूहळू खाली आला.

"मी सही करणार नाही," गिरिजा म्हणाली. "काळीवर तर नाहीच. पांढरीवरसुद्धा नाही, जोवर तुम्ही तिघं तिच्या मागच्या रांगेत बसून फाटकापर्यंत जाऊन येत नाही तोवर. आणि गाडी कुठलीही आली, तरी आई पुढं बसेल. कुणी दाखवेल तिथं बसायचं, हा नियम मी आजपासून मानत नाही."

तिने पेनाला टोपण लावलं.

अप्पा फरशीकडे पाहू लागले. प्रत्येक प्रसंगाला ज्यांच्यापाशी एक कथा असे, त्या गुरुजींनी फुलपात्र उचललं, उलटं करून पाहिलं आणि पिशवीत न टाकता हातातच धरून ठेवलं. मग नकळत तिघांचीही नजर सोफ्याकडे वळली. नेहमीचे दोन शब्द आता आईच्या तोंडून येतील आणि सगळं पुन्हा जागच्या जागी बसेल, याची ते वाट पाहत होते.

आई टेबलाचा आधार घेऊन उठली, लेकीशेजारी येऊन उभी राहिली आणि पदराने तिचा ओला गळा पुसू लागली.

'जाऊ दे' असं ती म्हणाली नाही.