वज्रमालेचा निळा खडा

घसा बसलाय, तरी धरून बसवलंय मला. सांगतो. मध्ये कुणी बोलायचं नाही.

एका राज्यात राजाला दोन राण्या. थोरली वज्रमाला, धाकटी केतकी. राजानं केतकीला गळ्यात घालायला मोरचुदाचा खडा दिला, मोराच्या मानेसारखा निळा. त्या दिवसापासून वज्रमालेला अन्न गोड लागेना. त्यात दवंडी पिटली, की दसऱ्याला दोघींतली एक पट्टराणी होणार. घरात आधी आलो आपण, उपासतापास केले आपण, आणि सिंहासनावर बसणार ती?

तांब्याच्या ओसाड खाणीत एक पांढरा मोर राहत असे. तो बोलत असे. पूर्वी तो जादूगार होता. दुसऱ्याच्या रूपावर जळला, म्हणून गुरूनं त्याला मोर केलं आणि त्याचा निळा रंग काढून खाणीतल्या दगडांत कोंडला. कुणा जळणाऱ्याच्याच हातून तो रंग पाण्यात मोकळा होईल, तेव्हा सुटका.

वज्रमाला त्याच्यापुढे उभी राहिली. "केतकीच्या खड्याहून मोठा हवा."

"तीन कामं करावी लागतील, राणीसाहेब."

पहिलं, तांब्याच्या दगडांतून झिरपणारं निळं पाणी काचेच्या हंडीत धरायचं. लोखंडी भांडं नको, त्यावर तांबं चढतं. दुसरं, रेशमाच्या दोऱ्याला निळा कण बांधून त्यात सोडायचा, हंडी सावलीत ठेवायची. पाणी आटत जातं तसा कण कोनाकोनानं वाढतो. तिसरं, हंडी हलवायची नाही, विस्तवाजवळ न्यायची नाही. ताप लागला की खडा पांढराफटक पडतो.

राणीनं दासीला हात लावू दिला नाही. खडा आवळ्याएवढा झाला. तरी पोटातली आग विझेना.

"आणि तिच्या खड्याचं काय करू?"

"पाण्यात घालवा. पाण्यातून आलेलं पाण्यातच जातं."

दसऱ्याला दरबार भरला. मोर खिडकीत येऊन बसला. राजा बोलणार, तोच वज्रमालेनं काढलं, की दागिना राजकुंडात बुडवून शुद्ध केल्यावाचून पट्टराणी होता येत नाही, ही घराण्याची रीत आहे. लाडकीला रीत माफ आहे काय?

म्हातारा पुरोहित म्हणाला, "रीत आहे खरी. पण पहिला मान थोरलीचा."

हे तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. सवतीचा गळा बघता बघता आपला गळा विसरली होती. मागं फिरावं तर कपट उघडं पडतं. तिनं खडा काढला, कुंडात सोडला. आवळा होता तो बोर झाला, बोराची मोहरी झाली, मग नुसतं निळं पाणी.

केतकी हसली नाही. पुढं आली आणि आपलाही खडा तिनं कुंडात टाकला. "अक्का, आता बरोबरी झाली."

तेवढ्यात मोरानं कुंडात झेप घेतली. बाहेर आला तो निळाशार, आणि पंख झाडताच माणूस झाला. शाप सरला.

राजानं वयाचा मान राखला. वज्रमाला पट्टराणी झाली, सिंहासनावर बसली. बसल्या बसल्या तिनं खाली पाहिलं, तर केतकीचा मोकळा गळा खड्यावाचून जास्तच शोभत होता.

संपलं. मोरचूद पाण्यात विरत नाही असं चारचौघांत बोलून मला खोटा पाडणारा अजून माफी मागायला आलेला नाही. तो धोंडू पाथरवट.