ब्रेकचा दाखला

लोकल गाड्यांच्या कारशेडमध्ये आठ फिटरांचं काम तिघं रेटत होती. इंदुमती खरातची तर सलग दुसरी पाळी चालू होती. पाठ भरून आली होती. संध्याकाळच्या गाडीचे ब्रेक तपासून ती म्हणाली, "ब्लॉक पार झिजलेत, साहेब. बदलायला तीन तास लागतील."

दीक्षितसाहेब तडकले. "मला कारणं नकोत, बाई! गाडी पाचला सुटण्यास योग्य आहे, एवढंच लिहा."

वाद घालायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तिने दाखला लिहून खाली सही केली. साहेब वाचू लागले : "साहेबांच्या सांगण्यावरून, गाडी पाचला सुटण्यास योग्य आहे. थांबण्यास नाही."

साहेबांनी पाचची गाडी रद्द केली. इंदुमतीने उसासा टाकून पाना उचलला.