हळदीआधीची माती

शिरगोळ्याचे बंदर डोंगराच्या अंगावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेले आहे. कौलारू घरे, जांभ्याच्या भिंती, लाकडी सज्जे; पण दर्याकडची एकही भिंत पांढरी नाही. पाहुणे विचारतात, इथे चुना मिळत नाही काय? विचारोत बापडे. अख्ख्या गावात पांढरी भिंत एकच, वरच्या सातेरीच्या देवळाची, आणि तीही हौसेने पांढरी केलेली नाही. ती नजरेसमोर धरून नाव आणली, तरच खडकांमधली वाट सापडते.

त्या भिंतीला दरवर्षी चुना देण्याचा मान फार पूर्वी रवळू गवंड्याकडे होता म्हणे. शिंपले भाजून तो असा चुना करी की उन्हात भिंतीकडे बघवत नसे. बायको लवकर गेलेली. जगात त्याची म्हणावी अशी लेक भागी तेवढी. तिचे लग्न पलीकडच्या बंदरातल्या जयराम तांडेलाशी ठरले आणि रवळूचे पाय जमिनीवर ठरेनात. देवळाचा चुना उरला होता. त्याने आपल्या घराची दर्याकडची भिंत पांढरीशुभ्र करून टाकली.

"तुजो घोव दर्यातसूनच आपला घर बघतलो, बाय," तो म्हणाला. भागी लाजून आत पळाली. ज्याने जन्मभर खलाशांची खूण राखली, त्याच्याच हे ध्यानात येऊ नये! पण लेकीच्या लग्नात बापाचे डोके ठिकाणावर कुठे असते?

वऱ्हाडाचे गलबत आले त्या सकाळी डोंगरमाथ्यावर धुके होते. देऊळ पार झाकलेले. खालची रवळूची भिंत तेवढी दिसत होती. स्वतःच्या वऱ्हाडाचे सुकाणूही जयरामने दुसऱ्याच्या हाती दिले नव्हते. त्याने पांढरी भिंत पाहिली आणि निर्धास्तपणे गलबत खडकावर घातले. धक्क्यावर वाजंत्री वाजत होती. पोहत आलेला एक खलाशी धापा टाकत एवढेच म्हणाला, "देवळाची भिंत धरूनच इलंव."

जयराम सापडला नाही. रवळू घरी आला तेव्हा भागीच्या अंगाला हळद तशीच होती. तिने अंगणातली लाल माती कालवली.

"बाबा, तुमी हय बघू नकात," ती म्हणाली. आपल्या हातचे काम पुसले जाताना बापाने पाहू नये, एवढी माया त्या घडीलाही तिच्यात उरली होती. रवळू दर्याकडे तोंड करून उभा राहिला. भागीने सारी भिंत लिंपली, हात धुतले आणि ती घरात गेली. त्याला वळा म्हणायचे ती विसरली, की तिच्याने म्हणवले नाही, कोण जाणे. शेजारी बोलवायला आले तेव्हा तो उभ्याउभ्याच गेलेला होता, असे सांगतात.

आजही शिरगोळ्यात हळद लागण्याआधी लेक दर्याकडच्या भिंतीला लाल मातीचा हात देते आणि बाप पाठ करून उभा राहतो. घरात कितीही घाई असो, भटजी कितीही ओरडोत, हात धुण्याआधी ती म्हणतेच, "बाबा, आता हय बघा."