मीठ चाटणारा ढग

एकदा काय झालं, समुद्रात होती पाच बेटं. चार बेटांवर चार राजे, आणि सगळ्यात धाकट्या बेटावर सगुणा राणी. पाचांनी एकी केली होती, बरं का. वादळ आलं की सगळ्यांच्या होड्या एकाच दोराला बांधायच्या, असं ठरलेलं. पण दोर कोणाचा, यावर वादळ सरेपर्यंत वाद चालायचा!

त्या वर्षी पाची बेटांच्या विहिरी मचूळ झाल्या. सगुणाराणीच्या बेटावर तर लेकरं पाणी प्यायची आणि रडायची. पाणी खारट नि डोळ्यांतलं पाणीही खारट.

मग पाचही जण उंडीच्या झाडाखाली बसले. दूर डोंगरांपलीकडे एक देश होता. तिथली माणसं मेंढ्यांसारखे ढग पाळायची. त्यांच्याकडे एक ढग मागायचा, असं ठरलं. पण जायचं कोणी? थोरला राजा नको, तो ढग स्वतःच ठेवून घेईल. दुसरा नको, तिसरा तर नकोच नको. शेवटी सगळे म्हणाले, "सगुणे, तू जा. तुझं कोणाशी वैर नाही."

"वैर करावं असं माझ्याकडे आहे तरी काय!" राणी म्हणाली, आणि मिठाची पिशवी घेऊन निघाली.

मग होडी झाली, मग घोडं झालं, मग नुसती पायवाट. पार टोकाला घोंगडी पांघरून म्हातारा ढगराजा बसला होता. त्यानं राणीला गरम पेज दिली. पण पेज अळणी! त्या देशात मीठच नव्हतं. मग राणीनं त्याच्या ताटात चिमूटभर मीठ वाढलं. हातावर नाही दिलं, बरं का. बेटांवर रीतच तशी. मीठ हातावर दिलं की भांडण होतं म्हणतात.

ढगराजानं ते पेजेत कालवून घोट घेतला आणि डोळेच मिटले. "बाई गं, इतकी वर्षं मी गिळत तरी काय होतो?"

मग तो म्हणाला, "तुम्ही आम्हाला मीठ द्या, आम्ही तुम्हाला ढग देऊ. हा घे, याचं नाव कापशा. पण हा पाचांचा ढग. पाचांचं मीठ एकाच तळहातावर चाटेल, तेव्हाच बरसेल. आणि याचा दोर तुटला, तर हा परत यायचा नाही."

राणी उठली. लोकरीच्या दोरानं बांधून कापशाला घेऊन आली आणि राजांना सगळं सांगितलं.

"हातावर मीठ? छे छे!" थोरला राजा म्हणाला. त्यानं गडावर मिठाचा ढीग घातला. कापशानं वास घेतला, आणि फटकन शिंकला. मग दुसऱ्यानं चांदीच्या वाटीत मीठ ठेवलं. कापशाला त्यात स्वतःचंच तोंड दिसलं, तो भिऊन वर पळाला. मग चौघांनीही दोर धरला आणि ज्यानं त्यानं आपल्या बेटाकडे ओढला. दोराचा एक पीळ सुटला. दुसरा सुटला. उरला एकच.

मग सगुणाराणी मध्ये उभी राहिली. तिनं तळहात पसरला. त्यावर आपलं मीठ ठेवलं.

"घाला मीठ."

"अगं, भांडण होईल ना!" थोरला राजा म्हणाला.

"दादा, भांडण तर झालंच आहे. आता आणखी काय व्हायचं राहिलंय?"

मग थोरल्यानं दोर सोडला आणि खाली मान घालून चिमूट टाकली. मग दुसऱ्यानं, तिसऱ्यानं, चौथ्यानं. जाडं, बारीक, करडं, पांढरं, सगळं मीठ एका हातात. कापशा हळूहळू खाली आला आणि राणीचा तळहात चाटू लागला. राणीला इतक्या गुदगुल्या झाल्या, की ती हसली. मग राजे हसले. आणि पाची बेटांवर एकदम पाऊस आला.

तेव्हापासून दरवर्षी मिठाची होडी तिकडे जाते आणि ढग इकडे येतो. होड्या कोणाच्याही दोराला बांधतात. एकदा तर ढगराजा स्वतः जेवायला आला आणि म्हणाला, "कालवणात मीठ जरा जास्तच झालंय हं!"

तिकडची पेज चवीची झाली, इकडच्या विहिरी गोड झाल्या. कापशासुद्धा आता उशीला टेकलाय बघा. तुम्हीही टेका, आणि एकाच गोधडीत सगळे नीट मावा. ओढाओढ नाही करायची.