दगडाला चार घोंगड्या

एकदा एक वृद्ध सत्पुरुष घाटमाथ्यावरची धर्मशाळा सांभाळीत होते. कोकणातून मीठ-नारळ घेऊन वर चढणारे आणि देशावरून गूळ-धान्य घेऊन खाली उतरणारे सगळे वाटसरू तिथे एक रात्र मुक्काम करीत. पौषात त्या माथ्यावर अशी थंडी पडे की सकाळी घागरीतले पाणी अंगावर घेताना भल्याभल्यांना देव आठवत. त्या वृद्धांना सगळे बाबा म्हणत. बाबांच्या हाताखाली तुळाजी नावाचा एक शिष्य होता. वय तिशीच्या पुढे, अंगाने दणकट, स्वभावाने अतिशय नेमाचा. धर्मशाळेतल्या साठ घोंगड्या त्याच्या ताब्यात होत्या आणि कोणत्या घोंगडीला कुठे कसर लागली आहे, हे तो डोळे मिटून सांगू शके.

त्या धर्मशाळेत एक रीत होती. संध्याकाळी पाहुणे आपापल्या अंथरुणावर टेकले की बाबा रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात आणि प्रत्येकाच्या पावलांना हात लावीत. मग तो सरदार असो की ओझेवाला. एवढ्या वयोवृद्ध माणसाने आपल्या पायांना हात लावावा, याने पाहुणे ओशाळत, पाय आखडून घेत. बाबा हसून म्हणत, "राहू द्या हो, अतिथी आहात." बाबा कुठे बाहेर गेले तर तुळाजी हा नेम चालवी. वाकायचे, बोटांची टोके पावलांना टेकवायची, तीच आपल्या कपाळाला लावायची आणि पुढे सरकायचे. बाबांना या कामाला बराच वेळ लागे, तुळाजीचे मात्र झटपट उरके. तरुण माणसाची कंबर लवकर वाकते, असे तो स्वतःशी म्हणे.

मागल्या पौषात बाबा दोन दिवस खालच्या गावी गेले होते. त्या संध्याकाळी बांगड्या विकणारा एक म्हातारा कासार धर्मशाळेत आला. तुळाजीने त्याला कोपऱ्यातली वारा न लागणारी जागा दिली, त्याच्या पायांना नमस्कार केला आणि एकाला तीन घोंगड्या घातल्या. पहाटे पाहिले तर म्हातारा तीन घोंगड्यांच्या आत थंडगार होऊन पडला होता. शेजारी बांगड्यांची पेटी जशीच्या तशी होती.

तुळाजीला कोणी दोष दिला नाही. "त्याचं वय झालं होतं," असे सगळे म्हणाले. पण ती गोष्ट तुळाजीच्या मनातून जाईना. तीन घोंगड्या पुरल्या नाहीत, तर मग किती पुरतात? अंथरूण रात्रभर ऊबदार राहावे यासाठी करायचे तरी काय? शेवटी एक दिवस तो बाबांना म्हणाला, "बाबा, येत्या संक्रांतीपर्यंत मला हे कळलं नाही, तर मी ही जागा सोडून जाईन. पुन्हा कुणी माझ्या हातून असं गेलेलं मला सोसायचं नाही."

बाबा म्हणाले, "मग विचार. रोज शंभर गावची माणसं इथं येतात."

आणि तुळाजी विचारीत सुटला. येणाऱ्या प्रत्येकाला हातपाय धुवायला पाणी देता देताच त्याचा प्रश्न तयार असे, "तुमच्याकडं थंडीत अंथरूण कसं गरम ठेवतात?" लोकांना गंमत वाटे, पण या विषयावर ज्याला काही सांगायचे नाही असा माणूस काही निघाला नाही. एक धनगर म्हणाला, "आम्ही मेंढरांच्या मधी झोपतो की. एक कोकरू पोटाशी घेतलं का राजाबी नको नि गादीबी नको." कुंभाराने सांगितले की भट्टी विझल्यावरही तिच्या भिंतीला पाठ लावली तर दोन रात्री निभतात. एक बाई म्हणाली, "अंथरुणं दुपारी उन्हात टाकावीत, आणि ऊन कलायच्या आत घडी घालावी. ऊन कलल्यावर घडी घातली तर काय, वाराच घडी करून ठेवल्यासारखं." तळकोकणचा एक खोत खाली भाताचा पेंढा हातभर जाड अंथरीत असे, कारण त्याच्या मते थंडी वरून येत नाही, खालून येते. बंदूक गेली तरी मिशा राखून असलेल्या एका जुन्या शिपायाचे मत होते की अंथरुणाचे काही खरे नाही, लसणाची चटणी आणि बाजरीची भाकरी पोटात असली की झाले. खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवा, असेही कोणी सुचवले. पण बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, हे बाबांनी स्वतः पाहिले होते, म्हणून तो उपाय त्यांनी तिथल्या तिथे मोडून काढला.

संक्रांत चार दिवसांवर आली. तुळाजीच्या डोक्यात आता इतके उपाय झाले की त्याला स्वतःलाच झोप येईनाशी झाली. एका सकाळी तो बाबांपुढे येऊन बसला. "बाबा, आता तुम्हीच सांगा. यातलं सगळ्यांत ऊबदार अंथरूण कोणतं?"

बाबा उठले. ओढ्यावर गेले आणि नारळाएवढे दोन गुळगुळीत दगड घेऊन आले. दोन्ही रात्रभर पाण्यात पडून बर्फासारखे झालेले. अंगणात ऊन येत होते तिथे त्यांनी एक दगड तसाच उघडा ठेवला. मग तुळाजीकडून चार घोंगड्या मागून घेतल्या, त्याही नव्या, आणि दुसरा दगड त्यांत असा काळजीने गुंडाळला की जणू बाळंतिणीचे मूलच. त्या गाठोड्याला त्यांनी उन्हातच नीट निजवले आणि म्हणाले, "संध्याकाळी सोडू."

तुळाजी पाहत राहिला. इथे पाहुण्यांना घोंगड्या पुरत नाहीत आणि बाबांनी दगडाला चार दिल्या! बाबांचे वय झाले, असे त्याच्या मनात येऊन गेले. लगेच त्याने स्वतःचे कान पकडले. पण दिवसभर काम करता करता त्याची नजर त्या गाठोड्याकडे वळत होती.

दिवस मावळायला आला तेव्हा घाटाच्या बाजूने डोली आली. एक मोठा व्यापारी आपल्या आईला घेऊन देशावर निघाला होता. व्यापार कसला, तर लोकरीचा. शाली, धाबळ्या आणि घोंगड्या तो सात पेठांत पोहोचवीत असे. म्हातारी डोलीत पाच उंची शालींमध्ये गुरफटून बसली होती, फक्त नाक दिसत होते. भोयांनी तिला उचलून आत आणले तेव्हा तिचे ओठ निळसर झाले होते आणि ती विचारलेल्या गोष्टीला उत्तर देत नव्हती.

"पहाटे धुकं होतं म्हणून मी स्वतः गुंडाळून दिलं तिला," व्यापारी म्हणाला. "दिवसभर एक पदर हलू दिला नाही. तरी ही गारठतेच आहे! आणखी पांघरुणं आणा. माझ्या गाठोड्यातली सोडा, लागतील तेवढी."

तुळाजीला तो कोपरा आठवला, ती बांगड्यांची पेटी आठवली. त्याने घाईघाईने म्हातारीच्या पावलांना बोटे लावून नमस्कार केला आणि घोंगडीवर घोंगडी घालायला सुरुवात केली. तीन, पाच, सात. म्हातारी आधी कापत होती, आता तिचे कापणेही थांबत आले. "बघा, उतरली थंडी," व्यापारी म्हणाला.

तेवढ्यात बाबा आले. त्यांनी पांघरुणाखाली हात घालून म्हातारीची पावले धरली आणि त्यांचा चेहरा बदलला. "थंडी उतरली नाही शेठजी, आत शिरली आहे. तुळाजी, अंगणातले दोन्ही दगड आण. पळ."

"दगड?" व्यापारी संतापला. "महाराज, माझी आई इथं मरणाच्या दारात आहे आणि तुम्ही दगड मागवता?"

तुळाजीने दगड आणले. उघड्यावर राहिलेला दगड दिवसभराच्या उन्हाने अजून कोमट होता. बाबांनी दुसऱ्याच्या चार घोंगड्या सोडल्या आणि तो व्यापाऱ्याच्या हातात दिला. व्यापाऱ्याने दचकून हात मागे घेतला. दगड सकाळी ओढ्यातून काढला तसाच गार होता.

बाबा म्हणाले, "शेठजी, तुमचा माल उत्तम आहे. हलका असता तर बरं झालं असतं, थोडं ऊन तरी आत गेलं असतं. घोंगडीजवळ स्वतःची ऊब नसते. तिला फक्त राखायला येतं. ऊन द्याल तर ऊन राखील, गारवा द्याल तर तोही तेवढ्याच इमानानं राखील. तुम्ही पहाटेचा गारठा पाच शालींत बांधलात आणि तो दिवसभर जपत इथवर आणलात. तुळाजी, तुला उपाय सांगणाऱ्यांतलं कुणाचं अंथरूण आपोआप गरम होतं? धनगराकडं कोकरू होतं, कुंभाराकडं भट्टी, त्या बाईकडं ऊन, शिपायाच्या पोटात भाकरी. आधी ऊब कुठून तरी यावी लागते. पांघरूण नंतर. आईंनी आज काय खाल्लंय?"

व्यापारी चाचरला. "काही नाही. तिचं सोवळं कडक आहे. घरच्या माणसाशिवाय कुणाच्या हातचं शिजलेलं चालत नाही तिला. घरी सगळं सून बघते."

"तुम्ही घरचेच ना? मग स्वयंपाकघरात पाणी तापलेलं आहे, अंघोळ करा आणि पेज शिजवा."

"मी?" सात पेठांचा तो धनी अगदी लहान झाला. "महाराज, मला चूलसुद्धा पेटवता येत नाही."

"निखारे आहेत चुलीत. फुंकता तर येईल. आपोआप पेटेल."

मग धर्मशाळेत धांदल उडाली. तुळाजीने धुक्याने ओलसर झालेल्या शाली काढून कोरड्या घोंगड्या घेतल्या, खाली पेंढा पसरला, दोन्ही दगड चुलीच्या तोंडाशी तापवून फडक्यात गुंडाळले आणि म्हातारीच्या कुशीशी ठेवले. स्वयंपाकघरात व्यापारी ओल्या केसांनी चुलीपुढे ओणवा होऊन फुंकत होता. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, कपाळावर काजळी. पेज खाली थोडी लागली, मीठ जास्त झाले. पण त्याने ती आपल्या हाताने, एकेक घोट, आईच्या तोंडी लावली. पहिला घोट ओघळून गेला, दुसरा तिने गिळला.

"तुळाजी," बाबा म्हणाले, "तू पाय धर. सांगेपर्यंत सोडू नकोस."

तुळाजीने दोन्ही पावले आपल्या तळव्यांत घेतली. ती लाकडासारखी होती. आयुष्यात त्याने हजारो पायांना हात लावला असेल, पण असे पाय धरून तो कधी बसला नव्हता. टाचेच्या भेगा त्याला लागत होत्या, एका बोटातली चांदीची जोडवी जाऊन उरलेला खळगा लागत होता. बराच वेळ काही झाले नाही. मग कधीतरी, त्या पावलांच्या मधोमध, अगदी थोडीशी, ऊब आली. पुढे म्हातारी पुन्हा कापू लागली. व्यापारी घाबरला, पण बाबा म्हणाले, "कापू द्या, आता त्यांचं शरीर कामाला लागलं आहे."

वाडगाभर पेज पोटात गेल्यावर म्हातारीने डोळे उघडले. समोर काजळी फासलेला मुलगा पाहून तिला आधी ओळखच पटेना. मग ती क्षीण आवाजात म्हणाली, "मीठ जास्त घातलंस रे." आणि थोड्या वेळाने, "माझे पाय आले परत."

व्यापारी तोंड फिरवून चुलीकडे गेला. चूल तर केव्हाच नीट पेटली होती, तरी तो डोळे पुसत बसला होता.

तुळाजीचे हात अजून त्या पावलांवरच होते. तो हळूच म्हणाला, "बाबा, तुम्ही रोज सगळ्यांच्या पायांना हात लावता, तो नमस्कार नसतो का?"

"नमस्कारही असतो. पण हात ठेवल्याशिवाय कुणाचे पाय गार आहेत ते कळणार कसं? गार लागले की त्याला आधी चुलीपाशी नेऊन बसवायचं, मग घोंगडी द्यायची. मी इतकी वर्षं तेच करत आलो."

तुळाजीने आपल्या बोटांकडे पाहिले. "बाबा, त्या कासाराच्या पायांना मी हात लावला होता. माझी बोटं लागली होती त्यांना. मला कळलं नाही. मी कपाळाला हात लावला आणि पुढं गेलो."

बाबा त्याच्या शेजारी बसले. "तू मला पाहून शिकलास. मी वाकतो तेवढं तुला दिसलं, हात कशासाठी ठेवतो ते मी तुला सांगितलं नाही. मला वाटलं, पाहून कळेल. त्या माणसाचं ओझं तू एकट्यानं वाहू नकोस. त्यातलं अर्धं माझं आहे."

संक्रांत आली आणि गेली. तुळाजी धर्मशाळा सोडून गेला नाही. त्या दिवसापासून संध्याकाळचा नेम त्याच्याकडे आला आणि त्यालाही आता बाबांइतकाच वेळ लागू लागला. एखादा पाहुणा संकोचून पाय ओढू लागला की तो म्हणे, "राहू द्या हो, अतिथी आहात," आणि तळवा तिथेच ठेवी, नीट कळेपर्यंत.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. पांघरूण घालण्याचे काम ज्याच्याकडे आहे, त्याने मात्र आधी पाय पाहावेत.